कोमल धैवताचा निरोप

पेटी समोर ओढा आणि पांढरी एकला षड्ज धरा. आता उजव्या हाताची तीन बोटं एकदम ठेवा: पांढरी चार, पांढरी सहा आणि वरची पांढरी एक. मध्यम, शुद्ध धैवत, तार षड्ज. भाता हलवत राहा. स्वर भरून आले की कडेची दोन बोटं जागची हलू न देता फक्त मधलं बोट पांढरी सहावरून शेजारच्या काळी चारवर आणा. शुद्ध धैवताचा कोमल धैवत झाला. तिनांतले दोन स्वर तेच आहेत, जागचे हललेलेही नाहीत, तरी खोलीतून कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटतं.

अमेरिकन गीतकार-संगीतकार कोल पोर्टर याचं १९४४ सालचं ‘एव्हरी टाइम वुई से गुडबाय’ हे गाणं मी पहिल्यांदा समजून घेतलं ते असं पेटीवर. पाश्चात्त्य संगीतात तीन स्वरांच्या पहिल्या जुळणीला मेजर कॉर्ड म्हणतात आणि दुसरीला मायनर. गाण्याचा षड्ज छापील स्वरलिपीत ई फ्लॅट, म्हणजे आपली काळी दोन. पण पट्टी कुठलीही घ्या, बोटाचा तो अर्ध्या स्वराचा प्रवास तोच राहतो. गाण्याच्या शेवटाजवळ हा बदल येतो आणि नेमक्या त्याच क्षणी गाण्याचे शब्द सांगतात की मेजरचं मायनर होणं ही किती विलक्षण गोष्ट आहे. ‘मेजर’ हा शब्द उच्चारला जातो तेव्हा साथीत शुद्ध धैवत असतो, ‘मायनर’ म्हणेपर्यंत तो कोमल झालेला असतो.

आपल्याकडे याला जवळचा प्रकार आहे तो लक्षणगीताचा. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी अनेक लक्षणगीतं रचली. त्यांत रागाचे वादी-संवादी, वर्ज्य स्वर, गायनसमय हे सगळं त्या रागातच गाऊन सांगितलेलं असतं. विद्यार्थ्याच्या लक्षात राहावं म्हणून ती योजना. पोर्टरची ती ओळ म्हणजे एका क्षणाचं लक्षणगीत आहे. पण इथे शिकवायचं कुणाला नाही. प्रेमात असलेल्या माणसाला आपलं दुःख सांगायला दुसरा शब्द सापडत नाही, म्हणून तो वाजणाऱ्या साथीकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, ऐका, हे असं होतं. संगीतकारानंच शब्दही लिहिलेले असल्याशिवाय असं बोट दाखवता येत नाही. पोर्टर दोन्ही लिहायचा.

आपल्या कानांना त्या कोमल धैवताची आणखीही एक ओळख पटते. बाकीचे स्वर शुद्ध आणि एकटा धैवत कोमल, ही नटभैरवाची स्वरमाला. पोर्टरला या रागाशी काही देणंघेणं नव्हतं, आणि एका कॉर्डनं राग उभा राहत नाही. तरीही वरचा षड्ज आणि खालचा मध्यम यांच्यामध्ये तो धैवत उतरला की आमच्यासारख्यांच्या मनात भैरव अंगाची सावली हलून जाते. ऐकणारा आपला कान बरोबर घेऊनच येतो.

आता शब्दांकडे. गाणं बत्तीस मात्रागटांचं, आठ-आठच्या चार भागांत बसवलेलं. पहिला आणि तिसरा भाग चालीनं सारखे, दुसरा आणि चौथा वेगवेगळ्या वाटांनी जाणारे. सुरुवातीला शीर्षकाचे शब्द येतात ते एकाच सुरावर, गंधारावर. चाल जागची हलतच नाही. दारात उभा असलेला माणूस निघायचं म्हणतो आणि निघत नाही, तसा तो गंधार. खाली साथ मात्र कॉर्ड बदलत पुढे चाललेली असते. वेळ जातो आहे, हे साथीला कळलेलं आहे. गाणाऱ्याला अजून मान्य नाही.

पहिल्या दोन्ही ओळींच्या शेवटी ‘लिटल’ हा शब्द येतो. निरोपाच्या वेळी आपण मरतो, पण थोडंसंच. असं का व्हावं याचं नवल वाटतं, तेही थोडंसंच. निरोप म्हणजे लहानसं मरण ही कल्पना फ्रेंचमध्ये आधीपासून रुळलेली होती आणि पोर्टर पॅरिसमध्ये बरीच वर्षं राहिलेला होता, तेव्हा कल्पना त्याची नव्हे. त्याचं कसब पुढे आहे. वर बसलेल्या, सगळं ठाऊक असलेल्या देवांबद्दल तो तक्रार करतो तेव्हा तोच ‘लिटल’ पुन्हा येतो, पण या वेळी अर्थ फिरलेला असतो: त्या देवांच्या लेखी आपण इतके क्षुद्र की ते तुला जाऊ देतात. आधी स्वतःचं दुःख आवरतं घ्यायला वापरलेला शब्द आता स्वतःची किंमत मोजायला आला. मराठीत हे एका शब्दात साधणार नाही. ‘थोडं’ म्हटलं तर दुःख बसतं, किंमत बसत नाही. ‘क्षुल्लक’ म्हटलं तर उलट.

तिसऱ्या भागात जवळ असण्याचं सुख येतं: वसंत, कुठेतरी गाऊ लागलेला चंडोल. हे शब्द स्वतंत्र वाचले तर शुभेच्छापत्रावरचे वाटतील. पण चाल पहिल्या भागाचीच आहे, निरोपाची. सहवासाचं सुख आणि निरोप हे पोर्टरनं एकाच चालीत बसवले, म्हणून चंडोल गात असतानाही कानाला निघायची वेळ ऐकू येत राहते. आणि मग चौथ्या भागात ती कॉर्ड.

हे गाणं ‘सेव्हन लाइव्हली आर्ट्स’ नावाच्या कार्यक्रमासाठी लिहिलेलं. बिली रोझ या निर्मात्याचा तो भव्य रिव्ह्यू ७ डिसेंबर १९४४ ला न्यूयॉर्कच्या झीगफेल्ड थिएटरात सुरू झाला. जॅझवादक बेनी गुडमन त्यात वाजवत होता, संगीतकार स्ट्राविन्स्कीनं त्यासाठी बॅले लिहून दिला होता, आणि इतकं सगळं असून १८३ प्रयोगांनंतर तो बंद पडला. नॅन विन हिनं गायलेलं हे गाणं तेवढं उरलं. तारीख पाहिली तर प्रेक्षागृहात कोण बसलं असेल हे कळतं. युरोपात आणि पॅसिफिकमध्ये युद्ध चालू होतं. गाण्यात युद्धाचा उल्लेख नाही, पण त्या डिसेंबरात स्टेशनवर किंवा बंदरावर कुणालातरी सोडून आलेली माणसं त्या खुर्च्यांवर होतीच. ‘दर वेळी’ निरोप घेताना, म्हणजे रजेवर आलेला माणूस दर वेळी परत जाताना.

पोर्टर स्वतः तेव्हा ५३ वर्षांचा होता. १९३७ साली घोडा अंगावर पडून त्याचे दोन्ही पाय चिरडले गेले होते. त्यानंतर आयुष्यभर शस्त्रक्रिया आणि वेदना, आणि १९५८ मध्ये उजवा पाय कापावा लागला. वेदनेत जगणाऱ्या माणसानं मरणाला ‘थोडंसं’ हे विशेषण लावलं आहे, हे मला विसरता येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पोर्टर समलिंगी होता. लिंडा ली थॉमसशी १९१९ मध्ये लग्न झालं, ते तिच्या मृत्यूपर्यंत, १९५४ पर्यंत टिकलं, तिला हे ठाऊक होतं, आणि त्या काळच्या कायद्यानं पुरुषाचं पुरुषावरचं प्रेम हा गुन्हा होता. आता गाणं पुन्हा पाहा. त्यात ‘मी’ आहे आणि ‘तू’ आहे. तो नाही, ती नाही. इंग्रजीत क्रियापदाला लिंग नसल्यामुळे सबंध गाणं असं दोन सर्वनामांवर चालून जातं. कुणीही कुणाला म्हणावं.

मराठीत हे करून पाहा. मी मरतो, की मी मरते? तू जातोस, की जातेस? पहिल्याच ओळीत सांगावं लागतं. आपण निरोप घेताना ‘जातो’ म्हणत नाही, ते अशुभ; आपण ‘येतो’ म्हणतो, बायका ‘येते’ म्हणतात. उंबरठ्यावरच्या या दोन अक्षरांतही कोण बोललं ते उघड होतं. त्यामुळे या गाण्याचं मराठी रूपांतर मनातल्या मनात करायला गेलो की मी दर वेळी अडतो आणि अडल्यामुळेच मला दिसतं की पोर्टरनं इंग्रजीतल्या या आडोशाचा किती काळजीपूर्वक उपयोग केला. १९४४ च्या प्रेक्षागृहातल्या प्रत्येकानं आपापला ‘तू’ तिथे बसवला. पोर्टरच्या मनातला कोण होता हे कुणी विचारायची गरजच पडली नाही.

नंतर हे गाणं जॅझवाल्यांनी आपलं केलं. एला फिट्झजेराल्डनं १९५६ मध्ये, नॉर्मन ग्रांझच्या नव्या व्हर्व्ह कंपनीसाठी, कोल पोर्टरच्या गाण्यांचा जो दुहेरी संच केला त्यात ते आहे. वाद्यरचना बडी ब्रेगमनची. गाणं कसं लिहिलेलं आहे ते ऐकायचं असेल तर एला ऐकावी. प्रत्येक अक्षर धुऊन ठेवल्यासारखं लख्ख. ती कॉर्ड येते तेव्हा एला तिला मान देते आणि पुढे जाते. तिच्या आवाजात निरोप आहे, पण तो झाल्यानंतर बराच काळ गेलेला आहे. जखम भरलेली आहे, खूण सुंदर आहे.

जॉन कोल्ट्रेननं ऑक्टोबर १९६० मध्ये तेच गाणं सोप्रानो सॅक्सोफोनवर वाजवलं, पियानोवर मकॉय टायनर. ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ या संग्रहातल्या शीर्षकगीताच्या झपाट्यानंतर हे ऐकायला मिळतं आणि श्वास खाली बसतो. इथे एक अवघड पेच आहे. वाद्यावर शब्द नाहीत. मग मेजर-मायनर म्हणणारं कुणी नाही. फक्त ते घडतं. ज्याला शब्द माहीत आहेत त्याच्या मनात ते आपोआप उमटतात, ज्याला नाहीत त्याला नुसता धैवत उतरलेला जाणवतो. कोल्ट्रेन चालीशी फार खेळत नाही. ज्याच्यापाशी सुरांचा एवढा साठा होता त्यानं हात इतका आवरलेला पाहून मला नेहमी वाटतं की हा माणूस शब्द मनात म्हणत वाजवतो आहे.

सिंपली रेड या ब्रिटिश पॉप गटानं १९८७ मध्ये केलेलं रूप गोड आहे, गळा चांगला आहे, आणि मला त्यात त्या कॉर्डशी काही होत नाही. एवढंच.

मग १९९०. न्यूयॉर्कमध्ये जॉन कार्लिन आणि ली ब्लेक यांनी एड्सग्रस्तांसाठी निधी उभारायला ‘रेड हॉट प्लस ब्लू’ हा संग्रह काढला. नाव पोर्टरच्याच १९३६ मधल्या एका संगीतिकेवरून आणि गाणी सगळी त्याचीच. यू टू, शिनेड ओकॉनर, टॉम वेट्स, के. डी. लँग, डेव्हिड बर्न असे पॉप आणि रॉकमधले लोक. गाण्यांच्या चित्रफिती विम वेंडर्स, जिम जार्मुश यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी केल्या आणि जागतिक एड्स दिनाच्या निमित्तानं त्या दूरदर्शन वाहिन्यांवर दाखवल्या गेल्या. त्या वर्षअखेरीपर्यंत एकट्या अमेरिकेत एड्सनं मेलेल्यांची नोंदलेली संख्या १ लाखाच्या वर गेली होती. परिणामकारक औषधं यायला अजून पाच-सहा वर्षं होती. काही धर्मोपदेशक हा रोग म्हणजे देवानं केलेली शिक्षा आहे असं उघड सांगत होते. मरणाऱ्यांच्या जोडीदारांना पुष्कळदा नातेवाईक म्हणून रुग्णालयात जागा नसायची आणि मृत्यूनंतर घरात.

या संग्रहात ‘एव्हरी टाइम वुई से गुडबाय’ ॲनी लेनक्सच्या वाट्याला आलं. युरिथमिक्स या पॉप गटातून जगाला माहीत झालेला तिचा आवाज मोठा आहे, हवा तेव्हा छत फाडणारा. इथे ती तो आवाज बाहेर काढतच नाही. वाद्यांची गर्दी नाही. हरकती नाहीत, ओळ लांबवणं नाही. त्या पहिल्या गंधारावरचे शब्द ती एकाच उंचीवर, जवळजवळ बोलल्यासारखे ठेवते. आणि मग मला ते गाणं नव्यानं ऐकू आलं.

‘दर वेळी’ या शब्दांत काय होतं ते बघा. १९४४ मध्ये दर वेळी म्हणजे दोघांतलेच पुन्हा पुन्हा होणारे निरोप. आज गेला, सुटीत येईल, पुन्हा जाईल. प्रत्येक निरोपामागे पुढची भेट गृहीत असते, म्हणून मरण ‘थोडंसं’ असतं. लेनक्स गाते तेव्हा न्यूयॉर्कमध्ये, लंडनमध्ये अशी माणसं होती की त्यांनी चार-पाच वर्षांत विसेक मित्र पुरलेले किंवा जाळलेले होते. त्यांच्यासाठी ‘दर वेळी’ म्हणजे प्रत्येक वेळी वेगळा माणूस आणि प्रत्येक निरोप शेवटचा. आणि तरी आपण थोडंसंच मरतो, म्हणजे आपण उरतो, पुढच्याला पोचवायला. शब्द एकही बदललेला नाही. त्या ‘थोडंसं’मधला विनय गेला आणि तिथे उरलेल्या माणसाचा हिशेब आला.

देवांबद्दलची तक्रारही तशीच पालटते. ब्रॉडवेवर ते प्रेमिकाचं लाडिक रुसणं होतं. १९९० मध्ये, शिक्षेचे दाखले देणाऱ्यांच्या काळात, वर बसलेल्यांना आपण क्षुद्र वाटतो आणि म्हणून ते याला जाऊ देतात, हे वाक्य एखाद्या आईनं किंवा जोडीदारानं शांतपणे विचारलेल्या प्रश्नासारखं ऐकू येतं. लेनक्स तिथे रुसत नाही. विचारते.

कुणी म्हणेल, हे सगळं तुम्ही बाहेरून आणलंत. माहिती काढून घ्या, मग गाण्यात काय राहतं? मी हा प्रश्न स्वतःला घातला आहे. राहतं ते असं. मेजर-मायनरच्या ओळीपाशी बहुतेक गायक आपल्याला खूण करतात: बघा हं, आता गंमत आहे. शब्दावर किंचित ओणवतात. माझ्या कानाला लेनक्स तिथे अजिबात ओणवलेली ऐकू येत नाही. मेजर, मायनर हे शब्द ती ज्या वजनानं आधीचे शब्द म्हटले त्याच वजनानं म्हणते. धैवत खाली उतरतो तो साथीत, तिच्या पाठीमागे, तिला ठाऊक आहे आणि तिला त्याचं कौतुक नाही. पोर्टरची ती हुशारी, जी एलाच्या गळ्यात रत्नासारखी चमकते, इथे विझवलेली आहे. विझल्यावर त्या जागी नुसती वस्तुस्थिती उरते. जॅझचा मूळ दर्जा मोठा आणि पॉपमधली नवी आवृत्ती म्हणजे पाणी घातलेलं दूध, असं आम्ही रसिक सहज धरून चालतो. या एका गाण्यात तरी मी ते मत सोडलं आहे.

तिच्या चित्रफितीचं दिग्दर्शन खरं तर डेरेक जार्मन करणार होता. ब्रिटिश चित्रपटकर्ता, चित्रकार. आपल्याला एचआयव्हीची लागण झाल्याचं त्याला १९८६ च्या अखेरीस कळलं होतं आणि त्यानं ते लपवलं नव्हतं. काम सुरू व्हायच्या वेळी तो इतका आजारी पडला की एड लाखमननं ते हाती घेतलं. त्यांनी केलं काय, तर लेनक्सला पडद्यापाशी उभं केलं आणि जार्मनच्या लहानपणीच्या घरगुती चित्रफिती प्रोजेक्टरमधून तिच्यावर सोडल्या. ती गाते आणि तिच्या कपाळावरून, गालावरून दुसऱ्या कुणाचं तरी बालपण सरकत जातं. ती हलत नाही. एका जिवंत चेहऱ्याला थोडा वेळ दुसऱ्याच्या आठवणींचा पडदा व्हावं लागतं. जो दिग्दर्शक येऊ शकला नाही तो असा आला.

नंतर जार्मन सावरला आणि १९९१ मध्ये त्यानं क्रिस्टोफर मार्लोच्या नाटकावरून ‘एडवर्ड द सेकंड’ केला. चौदाव्या शतकातला इंग्लंडचा राजा आणि त्याचा प्रियकर गॅव्हस्टन, ज्याला सरदार देशाबाहेर घालवतात. निरोपाच्या रात्री उघड्या भिंतींच्या रिकाम्या दालनात दोघं पायजमे घालून हळूहळू नाचतात आणि काळाचा कुठलाही हिशेब न ठेवता ॲनी लेनक्स तिथे येऊन हेच गाणं गाते. पोर्टरनं ४७ वर्षांपूर्वी दोन सर्वनामांच्या आडोशाला जे ठेवलं होतं ते इथे मिठीत, पायजम्यात, समोर आहे. ‘मी’ कोण आणि ‘तू’ कोण हे आता दिसतं, आणि गाण्याला त्यासाठी एक अक्षरही बदलावं लागलेलं नाही. मला वाटतं, गाणं इतकी वर्षं या दोघांची वाट पाहत होतं.

जार्मन १९ फेब्रुवारी १९९४ ला गेला.

परवा पुन्हा पेटी काढली. मध्यम, धैवत, षड्ज. मग मधलं बोट काळी चारवर. या वेळी मी तिथेच न थांबता पुढे वाजवलं. कोमल धैवतानंतर साथ एक-दोन पायऱ्या उतरते आणि षड्जाच्या कॉर्डवर येते: षड्ज, गंधार, पंचम, सगळे शुद्ध. म्हणजे गाणं मायनरवर संपत नाही. सुरुवातीला ज्या गंधारावर चाल अडून उभी होती तो पुन्हा हाताखाली येतो आणि त्याच्यावर शब्द असतात तेही पहिलेच, शीर्षकाचे. सगळं पुन्हा सुरू करता येईल अशा जागी पोर्टर आपल्याला आणून सोडतो. भाता अजून भरलेला होता, म्हणून मी पुन्हा मध्यमावर गेलो.